मावशीची वेळ

२ सप्टेंबर, सोमवार

आलो एकदाच्या. सहा खोकी, दोन गाद्या, शिलाई मशीन आणि बिट्टी. टेम्पोवाला म्हणाला, एवढ्याशा बिऱ्हाडाला ताई तुम्ही उगाच टेम्पो केलात, सायकलवर दोन फेऱ्यांत झालं असतं. बिट्टी पोट धरधरून हसली. नऊ वर्षांची आहे, अजून कुणाच्याही विनोदाला हसते. हसून झालं की माझ्या दंडावर डोकं घासून सांगते, आई, मी हसले बरं का. जसं काही मला दिसतच नाही.

घर शिंप्याच्या दुकानावर आहे, दोन खोल्यांचं. खिडकीत उभं राहिलं की रस्त्यापलीकडे हॉस्पिटल. खालून मशीनची घरघर येते. बिट्टी म्हणाली, घराला भूक लागलीय. शिंपीणबाई चहा घेऊन वर आल्या आणि साहेब मागून येणार का, असं विचारलं. मी म्हटलं, साहेब नाहीत, आम्ही दोघीच. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाल्या, बरंच झालं, पंखा एकच आहे. मला बाई आवडली.

नवी जागा, नवी नोकरी, म्हणून ही नवी वही. चाळिशी उलटल्यावर सगळं पुन्हा पहिल्यापासून मांडायला मिळतंय. रात्री दोन घास जास्त जेवले.

४ सप्टेंबर, बुधवार

काम समजून घेतलं. लहान मुलांचं हॉस्पिटल आहे. प्रत्येक खाटेपाशी यंत्र, प्रत्येक भिंतीवर घड्याळ, प्रत्येक टेबलावर कॉम्प्युटर. एकेकाची वेळ निराळी असली तर औषध कधी दिलं, ताप कधी उतरला, कशाचा कशाला मेळ लागत नाही. म्हणून ही सगळी यंत्रं थोड्या थोड्या वेळाने एका मुख्य यंत्राला विचारतात, किती वाजले? ते सांगेल ती वेळ खरी. त्याला टाइम सर्व्हर म्हणतात. इथला फार जुना झालाय. नवा बसवायचा, सगळी घड्याळं त्याच्याशी जुळवायची, हे माझं काम.

बिट्टीला संध्याकाळी दोन नियम समजावले. पहिला, घड्याळाला हिसका द्यायचा नाही. मागे पडलेलं असेल तर त्याला जरा भरभर चालवायचं, पुढे गेलेलं असेल तर जरा रेंगाळू द्यायचं, म्हणजे ते आपणहून जागेवर येतं. एकदम मागे ओढलं तर तीच वेळ दोनदा येते आणि नर्स तेच औषध दोनदा देते. दुसरा नियम, वेळ विचारायची तर निदान तिघांना विचारावी. दोघांचं जुळलं आणि तिसऱ्याचं नाही, तर तिसऱ्याला बाजूला काढायचं. बिट्टीने विचारलं, आणि दोघंच असले तर? मी म्हटलं, मग खोटं कोण, ते कधीच कळत नाही.

यंत्राची खोली तळमजल्यावर, कोपऱ्यात आहे. लोखंडी कपाट, एक टेबल, एक हातांची खुर्ची आणि तिच्यावर विणलेल्या कव्हरची उशी. मी उशी उचलायला गेले तर मेट्रनबाई पटकन म्हणाल्या, राहू द्या, ती ताईंची आहे.

ताई म्हणजे माझ्या आधीच्या बाई. उन्हाळ्यात वारल्या. आयुष्य याच खोलीत गेलं, लग्न नाही, मूलबाळ नाही. त्यांनी म्हणे हॉस्पिटलची घड्याळं मुद्दामच थोडी पुढे ठेवली होती. कुणालाच सांगितलं नव्हतं. म्हणजे औषधाला कधी उशीर नाही, आणि मुलांना भेटायला येणाऱ्या आयांना फाटक लवकर उघडायचं. सांगताना मेट्रनबाईंचे डोळे भरून आले. मी मान हलवली. मनात म्हटलं, हे काम नव्हे, ही लबाडी.

९ सप्टेंबर, सोमवार

नवा सर्व्हर सुरू केला. तो उपग्रहांकडून वेळ ऐकतो. गच्चीवरच्या अँटेनाची वायर जुन्या यंत्रातून काढली आणि नव्याला लावली. एकेक वॉर्ड त्याच्यावर घेतला. घड्याळं हळूहळू मागे आली, एकालाही हिसका बसला नाही. मी स्वतःवर खूश होते. वॉर्डबॉय म्हणाला, ताईंच्या घड्याळात जेवणाची सुट्टी लवकर व्हायची, तुमच्या घड्याळाने पोटावर पाय दिला बघा. सगळे हसले. मीही हसले, पण तोंडदेखलं.

खरं तर जुनं यंत्र आजच बंद करायला हवं होतं. केलं नाही. आता त्याला अँटेना नाही, विचारायला कुणी नाही. ते फक्त स्वतःवर विश्वास ठेवून चालतंय. अशी यंत्रं दिवसेंदिवस भरकटत जातात. मला ते भरकटलेलं बघायचंय. रोज किती चुकतं त्याचा आलेख काढायचाय, आणि एक दिवस मेट्रनबाईंच्या टेबलावर ठेवायचाय. या बघा तुमच्या ताई.

बाहेरून, इंटरनेटवरून तिसरी वेळ घ्यायला व्यवस्थापनाने परवानगी दिली नाही. म्हणजे कपाटात आता दोनच. चालेल म्हटलं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

शाळा माझ्या आधी सुटते, म्हणून बिट्टी थेट या खोलीत येऊन बसते. शिंपीणबाई म्हणाल्या होत्या माझ्याकडे ठेवा, पण मला ती जवळ हवी असते. तिचे बाबा दुसऱ्या बाईकडे गेले तेव्हापासून मला एक खोड लागलीय. माझं माणूस माझ्या नजरेच्या टप्प्यात लागतं.

आज वरच्या वॉर्डात अडकले. खाली धावत आले तर बिट्टी ताईंच्या खुर्चीत, उशीला टेकून, जुन्या यंत्राच्या हिरव्या आकड्यांकडे बघत बसली होती. अजिबात कंटाळलेली नव्हती. म्हणाली, आई, तुला नेहमीच उशीर होतो ना. मावशीला कधीच होत नाही.

असेल कुणी नर्स. मुलं ज्याला त्याला मावशी म्हणतात. मी तिचं दप्तर उचललं आणि वाटेत बरंच काही बोलले, पण ते एक वाक्य कुसळासारखं टोचत राहिलं.

१८ सप्टेंबर, बुधवार

शिंपी विनोद सांगत होता. बिट्टी हसली. मग त्याने विनोदाचा शेवट सांगितला.

त्याला वाटलं तिला आधीच ठाऊक होता. मलाही तसंच वाटलं. पण दुपारी हॉस्पिटलच्या जेवणघरात ती एकाएकी दोन्ही कानांवर हात ठेवून बसली. मी विचारलं काय झालं, तिने मान हलवली, हात काढले. आणि थोड्या वेळाने मागच्या बाजूला एकीच्या हातून ताटांची चळत सुटली. अख्खं जेवणघर दचकलं. बिट्टी शांतपणे दूध पीत होती.

आलेखाकडे बघितलं. जुनं यंत्र पुढे जातंय, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप वेगाने.

२३ सप्टेंबर, सोमवार

हे नीट लिहून ठेवते.

मी खोलीत शिरले तेव्हा बिट्टी खुर्चीत गुडघा धरून हमसून हमसून रडत होती. बघितलं तर गुडघ्याला काहीच नाही, ओरखडासुद्धा नाही. मी जवळ घेतलं. तिने मला ढकललं नाही, पण तिचं तोंड माझ्याकडे नव्हतं. मग तिने गुडघा जरा पुढे केला, कुणीतरी फुंकर घालावी तसे डोळे मिटले, आणि हळूहळू गप्प झाली.

घरी निघालो. मधल्या जिन्यावर तिचा पाय निसटला. गुडघा पार सोलवटला, मोज्यापर्यंत रक्त. ती उठली, फ्रॉक झटकला, माझ्या तोंडाकडे बघितलं. डोळ्यांत टिपूस नाही. म्हणाली, रडून झालं, आई. मावशीने फुंकर घातली.

मी पायरीवर बसून फुंकर घातली. खूप वेळ घातली. तिला ती नको होती. चांगल्या वळणाची आहे म्हणून घालू दिली.

मला भीती वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. आधी वाटलं ते हे, की माझ्या मुलीच्या गुडघ्यावर फुंकर घालणारी ती कोण?

२४ सप्टेंबर, मंगळवार

मेट्रनबाईंनी बिट्टीला गमतीने विचारलं, आई जास्त आवडते का ही तुझी मावशी? बिट्टी म्हणाली, मावशी. मेट्रनबाई खदखदून हसल्या, म्हणाल्या, आपल्यात म्हणतातच ना, माय मरो पण मावशी जगो. मग विचारलं, कोणत्या वॉर्डातली ग ही मावशी? बिट्टीने सांगितलं. पांढरी वेणी, चालताना धाप लागते, आणि बोलता बोलता आपल्या अंगठ्याचं पेर दाबते, एकदा हा, एकदा तो.

मेट्रनबाईंचं हसू गेलं. त्यांनी ताईंच्या खुर्चीकडे बघितलं, मग कपाटाकडे. जाताना मला एवढंच म्हणाल्या, तुम्ही ते जुनं अजून बंद का केलं नाहीत हो?

मी आलेखाचं सांगितलं नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार

आता उत्तरं आधी येतात.

सकाळी वेणी घालत होते. बिट्टी म्हणाली, नाही, पोळीच दे. मी काही विचारलंच नव्हतं. वेणी झाली, रिबीन बांधली, डब्याचं झाकण उघडलं आणि माझ्या तोंडातून निघालं, भात देऊ का?

मग मी हट्टाला पेटले. दुपारी ती म्हणाली, हो, तुझ्यावर पण आहे. मी ठरवलं, याचा प्रश्न विचारायचाच नाही. ओठ मिटून बसले. वायरी गुंडाळल्या, टेबल पुसलं. ती खुर्चीत, पाय हलवत, कुणाशी तरी नजरेनेच हसत होती. ते हसू बघितलं आणि राहवलं नाही. विचारलं, बिट्टी, तुझं माझ्यावर प्रेम आहे ना?

तुझ्यावर पण. पण.

३० सप्टेंबर, सोमवार

आज यंत्राला परत आणायचा प्रयत्न केला. एकदम बंद करायची हिंमत होत नाही. घड्याळाला हिसका द्यायचा नसतो, मग लेकराला कसा देऊ? म्हणून नव्या सर्व्हरची वेळ त्याला दाखवली, हळूहळू मागे ये म्हटलं. नाही आलं. या यंत्रांची एक रीत असते. फरक थोडा असेल तर ती ऐकतात. फार वाढला की समजतात, मी बरोबर आहे, जगच चुकलंय. मग कुणाचंच ऐकत नाहीत. ती हद्द कधीच ओलांडली. मी आलेख काढत बसले होते तेव्हा.

संध्याकाळी काचेच्या दारातून दिसलं. बिट्टी खुर्चीतून उठली, धावत दारापाशी आली, आणि हात पसरून हवेला मिठी मारली. माझ्या कमरेएवढ्या उंचीवर. गाल दाबला, डोकं घासलं. मग परत जाऊन बसली.

मी पॅसेजमध्येच होते. बऱ्याच वेळाने आत गेले तेव्हा तिने वरही बघितलं नाही. मी विचारलं, मिठी नाही? म्हणाली, दिली की.

मला दिली होती? की तिला?

१ ऑक्टोबर, मंगळवार

बिट्टीला शिंपीणबाईंकडे ठेवलं. उपयोग नाही. तिथेही ती पुढेच. शिंपीणबाई म्हणाल्या, पोरगी मनकवडी आहे हो तुमची. तिला खोलीची गरजच उरली नाही. वेळ तिच्यात भिनलीय.

म्हणजे यंत्रच बंद करायला हवं. हिसका तर हिसका. समोरचं बटण दाबलं, आकडे गेले नाहीत. इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने कपाटामागे टॉर्च मारला आणि मागे सरला. म्हणाला, बाई, मागचं वायरिंग माझ्या वयाचं आहे, कपाटात करंट उतरलाय, मेन बंद केल्याशिवाय हात घालायचा नाही म्हणजे नाही. आणि ऑपरेशन चालू असताना मेन बंद होत नाही. सोमवारी करू. वर म्हणाला, एवढी कसली घाई, ताईंनी इतकी वर्षं सांभाळलं ना?

ताईंनी. ताईंनी.

३ ऑक्टोबर, गुरुवार

घरात आम्ही दोघीच होतो. खोटं कोण, ते कळत नव्हतं.

आता तिघी आहोत. आणि त्या दोघींचं जुळतं.

जेवताना बिट्टी माझ्याकडे असं बघते, जसं — स्टेशनवर उशिरा आलेल्या माणसाकडे बघतात. राग नाही. गाडी सुटलीय एवढंच. मी घास भरवते तेव्हा तिचं चावून झालेलं असतं. अंगावर पांघरूण घालते तेव्हा तिचं झोपेत म्हणून झालेलं असतं — थॅंक्यू, मावशी.

तिचे बाबा गेले तेव्हा मी रडले नाही. म्हटलं, जाऊ दे. हिला जाऊ देणार नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपार. शिंपीणबाईंचा निरोप, बिट्टी दुकानात नाही. मला ठाऊक होतं कुठे असेल.

ताईंच्या खोलीत — माझ्या खोलीत — ती खाली बसली होती. कपाटासमोर, फरशीवर. किंचाळत होती. असं रडणं मी तिचं कधी ऐकलं नाही. तान्ही असतानाही नाही. फरशीवर काहीच नव्हतं आणि ती त्या काहीच नसलेल्याला हलवत होती. ऊठ ना, आई. आई, ऊठ. नको सांगितलं होतं ना इलेक्ट्रिशियनकाकांनी.

मी म्हटलं, बिट्टी, मी इथे आहे, ही बघ. तिचे हात माझ्यातून — नाही, माझ्या बाजूने — ती मला बघतच नव्हती. फरशीवरचा एक हात हातात घेतला तिने. माझा. गालाला लावला.

ती माझ्यासाठी रडत होती. देवा, मला बरं वाटलं. हे लिहायला नको, पण वाटलं.

मग ती थांबली. एकदम. डोळे पुसले. मान वर केली, आणि हात वर केला — कुणीतरी धरावा तसा. कुणीतरी धरला. बोटं मिटलेली मी बघितली. आणि ती हसली. एवढ्यात. माझ्यासाठी एवढंच?

नंतर

मेट्रनबाई तिला बाहेर घेऊन गेल्या. मी म्हटलं, येतेच. खिडकीतून बघितलं. एक हात मेट्रनबाईंच्या हातात. दुसराही लोंबत नव्हता. वर होता.

आकडे बघितले. अर्ध्या तासाहून थोडं जास्त पुढे. म्हणजे एवढाच वेळ.

कपाटापाशी न गेले तर काही होणार नाही. पॅसेजमध्ये जाऊन बसावं. सोमवारपर्यंत थांबावं. पुढे गेलेलं घड्याळ म्हणजे चुकलेलं घड्याळ — ते भविष्य सांगत नाही, फक्त चुकतं. मी हे शिकलेय. लोकांना शिकवलंय.

पण ताटं पडली. गुडघा फुटला. मी तो प्रश्न विचारलाच.

सोमवार. म्हणजे शनिवार तिचा, रविवार तिचा. रात्री वेणी सोडणं तिचं. सोमवारपर्यंत बिट्टी इतकी पुढे जाईल की —

थोडा वेळ गेला

रबरी चपला घातल्या. हात कोरडे केले. पुन्हा केले. इतके कोरडे हात असताना काही होत नाही. काळजी घेतली की काही होत नाही.

कपाटाचं मागचं दार उघडलं. आत ऊब आहे. माणूस नुकताच उठून गेल्यासारखी. उशी खुर्चीत नाही. सकाळी होती.

मी काढणार ताई तुम्हाला. आलेख-बिलेख काही नको. मेट्रनबाईंना दाखवायचं नाही. फक्त माझी मुलगी —

पॅसेजमध्ये पावलं. धाप लागलेली. हळू. आत येत नाही, दारापाशी थांबलीय. वाट बघतेय. तिला कसली घाई, ती आधीच —

बघू देत. एका हातात पेन आहे, दुसरा आत घालते. वायर दिसतेय. बोटं पोहोचतात. बाहेरून बिट्टी हाक मारतेय, की मारून झालीय — आले, आले ग —

बिट्टी, आज आई वेळेवर —